खोल पाण्यातला सराव

क्लोरीनचा उग्र वास आला की मला संभाजीनगरचा तो जलतरण तलाव आठवतो. तिथं स्कुबा डायव्हिंगचं प्रशिक्षण शिबिर कसं चाललंय ते पाहून सुधारणा सुचवायला मला पाठवलं होतं. शिकणाऱ्यांत खुलताबादहून रोज येणाऱ्या एका शाळेतल्या बाई होत्या. त्या दिवशी खोल पाण्यात मास्क काढून पुन्हा लावण्याचा सराव होता आणि मी तळाशी बसून पाहत होतो. प्रशिक्षक एकटाच, तो दुसऱ्या कुणाचा पट्टा आवळायला वळला, तेवढ्यात बाईंच्या नाकात पाणी गेलं. घाबरून त्यांनी तोंडातली हवेची नळीही काढून टाकली आणि श्वास कोंडून वर झेपावल्या. तसं वर गेलं तर कोंडलेली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. मी घोटा धरून त्यांना खाली ओढलं आणि माझ्याकडची जादा नळी त्यांच्या तोंडात कोंबली. त्यांनी माझा दंड ओरबाडला. अखेर त्या श्वास सोडू लागल्या, तोंडातून बुडबुडे सुटले, तसे आम्ही हळूहळू वर आलो. काठावर मी प्रशिक्षकाला म्हणालो, "शिबिर आजच बंद." खोकत खोकत बाईच बोलल्या, "बंद कशाला करता सर? लई भ्याले मी, व्हय. पण एका माणसानं इतक्यांकडं कसं बघावं? दोघा-दोघांनाच खाली न्या." थोड्या वेळानं त्या स्वतःहून पुन्हा पाण्यात उतरल्या, या वेळी प्रशिक्षक फक्त त्यांच्यासमोर होता. आजही कुठलं शिबिर तपासायला गेलो, की मी आधी सगळ्यांत घाबरलेल्या माणसाशेजारी जाऊन बसतो.