मामांचं वांग्याचं वावडं

आमचे मामेसासरे, म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, आयुष्यभर फक्त वांग्याला भ्यायले. एक घास पोटात गेला की ओठ सुजत, अंगावर लाल चट्टे उठत आणि घसा बंद होऊ लागे. मराठवाड्यात हे वावडं घेऊन जगणं सोपं नाही. लग्न असो, बारसं असो, पंगतीत वांगं ठरलेलं. त्यामुळे मामा जेवायला निघाले की पिशवीत स्वतःची पळी घेत आणि आचाऱ्याला गाठून विचारत, "वांग्यातली पळी वरणात बुडवली का? लेकराची शपथ घेऊन सांग." एकदा आचारी वैतागून म्हणाला, "मालक, तुम्ही निसता भात खावा." मामांनी खरोखर निसता भात खाल्ला, तोही वेगळ्या पातेल्यात शिजवून घेऊन. लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते उस्मानाबादहून बदलून आले. "नवा जिल्हा हाय, जावईबापू, इथं तरी नवी भाजी निघंल," असं मला म्हणाले. कचेरीतल्या पहिल्याच जेवणाला भरली वांगी होती.

पुढं त्यांच्या एकुलत्या एका लेकीला औशाकडचं चांगलं स्थळ आलं. मध्यस्थानं बजावलं, "अंगावर चट्टे उठतेत म्हणून सांगू नका. लोक कोडाचा संशय घेतेत, पोरीला घरी धाडतेत." तेव्हापासून मामांनी व्याह्यांकडं जाताना पळी घरी ठेवली. लग्न कसंबसं पार पडलं.

त्याच साली दुष्काळ पडला. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या शेतपूजेला, विहीणबाईंनी आम्हाला शेतात जेवायला बोलावलं. एरवी त्या दिवशीच्या भज्जीत, म्हणजे मिसळीच्या भाजीत, दहा तऱ्हेच्या शेंगा आणि पालेभाज्या असतात. त्या वर्षी रानात हिरवं पान नव्हतं. धुण्याभांड्याचं पाणी घालून त्या माउलीनं वांग्याची चार झाडं जगवली होती, म्हणून भज्जी निव्वळ वांग्याची. "पाहुण्यापुढं हे ठेवायची लाज वाटायली मला," त्या म्हणाल्या. मामांनी लेकीकडं पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती.

"वाढा की. लई वास सुटलाय," मामा म्हणाले आणि दोनदा मागून जेवले. मी शेजारी बसून पाहत राहिलो. इतकं धाडस आणि इतका खुळेपणा मी एकाच माणसात परत पाहिला नाही. परतीच्या वाटेवर त्यांचा श्वास अडकला. दोन दिवस दवाखान्यात काढले. नळ्या काढल्यावर पहिलं वाक्य होतं, "व्याह्यांना ताप आला म्हणून सांगा."

त्यानंतर विहीणबाई हौसेनं दर बाजाराला पिशवीभर वांगी धाडू लागल्या. मामा ती पिशवी हात लांब करून आमच्या दारात आणून ठेवत. आम्ही पोटभर हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

मामा दहाएक वर्षांनी हृदयविकारानं गेले. दहाव्याला नदीकाठी विहीणबाईंनी स्वतः रांधलेली वांग्याची भाजी पिंडाजवळ मांडली. कावळा शिवेना. कुणी म्हणालं पेन्शनचं राहिलं, कुणी म्हणालं नातू पाहायचा राहिला. तासभर झाल्यावर लेक उठली, पत्रावळीवरची भाजी तिनं बाजूला काढली आणि सासूला म्हणाली, "आत्या, बाबांना वांगं चालत नव्हतं. जीव जायचा त्यांचा. तुम्ही मला घरी धाडताल म्हणून बोलले न्हाईत."

विहीणबाई वाळूतच बसल्या. "मी काय इतकी वाईट हाय का गं?" एवढंच त्यांनी विचारलं. लेक रडत होती. कावळा नंतर शिवला म्हणतात. मी तिकडं पाहिलंच नाही.