जास्वंदीवरचं पांढरं

किसनमामा झाडांशी नाजूकपणे वागत नसत. पानावर पांढरं दिसलं की ते पान ओरबाडून घेत, अंगठ्याखाली रगडत आणि मगच तोंड उघडत. मी ज्या बियाण्यांच्या कारखान्यात कारकून आहे, तिथली बाग त्यांच्याकडे होती. कुंभार पिंपळगावकडचं धनगराचं घर, लहानपण मेंढरांमागे गेलेलं. "डोळ्याचं बिलकुल खरं न्हाई, साहेब," ते म्हणत. "पांढरं समदं सारखंच दिसतंय. बोटाला बराबर कळतंय." पिठासारखं पुसलं गेलं तर भुरी, म्हणजे बुरशी. ओल्या फडक्यानं निघालं तर बोअरच्या पाण्याचा क्षार. कापसासारखं चिकट लागलं तर पिठ्या ढेकूण, आणि त्याला ते घाण शिवी हासडत. एकदा मी न विचारताच कुंड्यांवर जहाल औषध मारायला निघालो, तर त्यांनी पंप हिसकावून घेतला. म्हणाले, "कुणाला मारून राह्यलो ते तरी ठाऊक पाह्यजे."

दोन वर्षांपूर्वी मस्तगडमधल्या आमच्या गल्लीत सगळ्या जास्वंदी पांढऱ्या पडल्या. माझ्या दारातली, शेजारच्या दत्ताची, आणि पलीकडच्या गयाबाईंचीही. गयाबाई विधवा, एकट्या राहायच्या. देवाला फुलं म्हणून सकाळी सगळ्यांच्या कुंपणाशी यायच्या. त्याच सुमारास दत्ताची सहा वर्षांची मुलगी तापानं फणफणली. ताप उतरेना. गयाबाईंनी झाडांवर करणीची राख फुंकली, असं कुणीतरी बोललं आणि ते गल्लीभर झालं.

मी मामांना झाडं पाहायला रविवारी सकाळी बोलावलं होतं. ते गल्लीत शिरले तेव्हा दत्तानं गयाबाईंना केसांना धरून रस्त्यावर ओढलं होतं. त्याच्या हातात लोखंडी पाइपाचा तुकडा होता. बाईंचं कपाळ फुटलं होतं, रक्त डोळ्यांत उतरत होतं. दहा-पंधरा माणसं भोवती उभी होती. मी माझ्या फाटकाच्या आत होतो, कडीवर हात ठेवून.

मामा गर्दी ढकलत सरळ मध्ये घुसले. उगारलेला पाइप त्यांच्या डाव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला फाटकाशी ऐकू आला. ते पडले नाहीत. उजव्या हातानं त्यांनी दत्ताच्याच जास्वंदीची फांदी मोडली आणि त्याच्या छातीवर खसाखसा रगडली. शर्टावर लालसर डाग पसरला.

"किडा हाय हा, जित्ता," ते धापा टाकत म्हणाले. "मुंग्या नेतेत त्याला या झाडावरून त्या झाडावर. राखेतून असं रगत निघंल का, सांग."

दत्ता शर्टाकडे बघत राहिला. कुणीतरी त्याच्या हातातला पाइप काढून घेतला. थोड्या वेळानं पोलीस त्याला घेऊन गेले.

मुलीला टायफॉइड निघाला. ती औषधानं बरी झाली. गयाबाई टाके निघाल्या निघाल्या भावाकडे गेल्या. त्यांच्या दाराला कुलूप आहे.

पुढच्या आठवड्यात मामा गळ्यात हात बांधून आले आणि माझ्याकडून सगळी झाडं साफ करून घेतली. किडलेल्या फांद्या छाटून जाळल्या, पाण्याचा जोराचा फवारा मारला, मग साबणाच्या पाण्यात कालवलेलं निंबोळीचं तेल, दर आठ दिवसांनी. मुंग्यांची वारुळं उकरायला लावली. दत्ताचं झाड मी वगळत होतो, तर ते चिडले. तिथला किडा परत सगळीकडे जाईल, म्हणाले. जास्वंदी महिनाभरात फुटल्या. मामांचा हात मात्र वाकडाच जुळला. कात्री पेलेना, तेव्हा त्यांनी काम सोडलं.

गावी निघाले त्या दिवशी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. मनातलं एकदाचं बोलून टाकलं. त्या सकाळी खरं काय, खोटं काय, मला समजत नव्हतं, म्हणून मी फाटकातच राहिलो, असं सांगितलं.

मामांनी पिशवी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "झाडावरचं काय हाय ते तुमाला ठाऊक न्हवतं साहेब, मान्य. पर खाली बाई पडलीय, ते तर दिसत व्हतं न्हवं?"

एसटी आली. मी त्यांची पिशवी वर चढवून दिली. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीतून माझ्या मुलांची चौकशी करत राहिले.