अकरा पानांचं शुद्धिपत्र

माझ्या सासऱ्यांनी माझा पीएच.डी.चा प्रबंध फुकट टाइप करून दिला. फुकट म्हणजे काय, हे मला पाच प्रती बांधून झाल्यावर कळलं.

तेव्हा मी जळगावच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि विषय घेतला होता 'अहिराणी बोलीचा अभ्यास'. खानदेशात राहून अहिराणीचा अभ्यास म्हणजे घरबसल्या काम, असं मला वाटलं होतं. (मार्गदर्शकांनाही तसंच वाटलं असावं. नाहीतर मला घेतलंच नसतं.) पाच वर्षं मी टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून हिंडलो. दोंडाईच्याच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगाऱ्यांत शिंकत शिंकत शब्द गोळा केले. अडचण एकच. टेपचं बटण दाबलं, की तोवर फर्ड्या अहिराणीत भांडणारी माणसं रेडिओवर बातम्या देतात तशी बोलायला लागायची. "सर, आमच्याकडे यंदा पाऊसपाणी समाधानकारक आहे." मी बटण बंद केलं, की पुन्हा शिव्या सुरू!

तरीही चिकाटीने चारशे पानं लिहिली. माझं अक्षर असं, की विद्यार्थी फळ्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघून उतरवून घ्यायचे. टाइप करणाऱ्या दोघांनी पहिलं पान बघूनच हात जोडले. तेव्हा धुळ्याहून नानांचा, म्हणजे सासऱ्यांचा, निरोप आला. 'हस्तलिखित पाठवून द्यावे. मी करतो.'

नाना म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. चाळीस वर्षं मराठी शिकवलेलं. लग्नाच्या आमंत्रणपत्रिका आल्या, की आधी लाल पेनाने त्यातल्या वेलांट्या सुधारायचे आणि मग कोणाचं लग्न आहे ते वाचायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुना मराठी टाइपरायटर विकत घेतला होता आणि त्याला काम हवं होतं. मी चारशे पानं एसटीने धुळ्याला पोचवली. तीच एकुलती एक प्रत. ('कार्बन ठेवून लिहा,' असं मार्गदर्शक म्हणाले होते. मी मान डोलावली होती.)

सोमवारी संध्याकाळपर्यंत प्रबंध विद्यापीठात पोचला पाहिजे होता. नाहीतर माझी नोंदणी रद्द, आणि नोंदणी रद्द झाली तर कॉलेजातली कायम व्हायची आशाही रद्द. आमचे प्राचार्य भेटले की आताशा 'कसे आहात' असं न विचारता 'झालं का' असं विचारायचे. शुक्रवारी दुपारी मी आणि बायको सुमन धुळ्याला उतरलो, तर टेबलावर लाल रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या पाच जाडजूड प्रती रचून ठेवलेल्या! नानांनी बांधणीसुद्धा करून घेतली होती. माझे डोळे भरून आले. मी वाकून नमस्कार केला आणि मधलंच एक पान उघडलं.

'खानदेशात "आहे" या अर्थी "आहे" हे क्रियापद वापरतात. हा या बोलीचा सर्वांत ठळक विशेष होय.'

मी चष्मा पुसला. पुढचं वाक्य वाचलं.

'"सगळा" या अर्थाचा "सगळा" हा शब्द प्रमाण मराठीला पूर्णपणे अपरिचित असून, पुण्याकडील माणसाला तो समजावून सांगावा लागतो.'

भराभर पानं उलटली. बाजारातली म्हातारी मला म्हणाली होती, 'काय व्हयनं, भाऊ?' इथे ती म्हणत होती, 'काय झाले, बंधो?'

"नाना," मी म्हणालो, "हे... जरा वेगळं झालंय."

नानांनी सुमन आत गेल्याची खात्री केली. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि आवाज उतरवला.

"जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. चुका कोणाच्या होत नाहीत? पण इतक्या! 'आहे'च्या जागी सगळीकडे 'शे'. 'सगळा'च्या जागी 'बठ्ठा'. पहिल्या प्रकरणात मला वाटलं, घाईत झालं असेल. पण शेवटपर्यंत तेच. मी एकूण एक दुरुस्त केल्या आणि सुमनला एक अक्षर बोललो नाही. नवरा प्राध्यापक आणि त्याला 'आहे' लिहिता येत नाही, हे पोरीला कळून कसं चालेल?"

आता या माणसाला काय बोलणार? दोन महिने पाठ मोडेपर्यंत टाइप करून त्याने माझी अब्रू झाकली होती.

"पण नाना, माझा विषयच अहिराणी होता!"

"तेच म्हणतो मी. अहिराणीवर लिहावं. अहिराणीत कशाला लिहावं?"

तेवढ्यात सुमन बाहेर आली, तिने एक पान वाचलं आणि भिंतीला टेकून हसत सुटली. हसू आवरल्यावर म्हणाली, "अहो, मूळ कागद आहेत ना? त्यावरून बघून पुन्हा घाला."

मूळ कागद! माझ्या जिवात जीव आला. नाना म्हणाले, "ते मी अक्कांना दिले."

अक्का म्हणजे सासूबाई. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं, की कागद चांगले जाड होते, म्हणून बिबड्यांच्या थरांमध्ये घातले. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. उन्हाळ्यात पाच डबे भरले आणि नातेवाइकांना वाटले. म्हणजे माझं पहिलं प्रकरण जामनेरला गेलं होतं, दुसरं साक्रीला, आणि...

"एक डबा आपल्याकडेही आला होता," सुमन म्हणाली. मग तिने हळूच माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही त्या कागदांनी स्टोव्ह पुसलात."

"मी?"

"'हे असं घाण अक्षर कोणाचं' असंही म्हणालात."

मी खाली बसलो. खरंच बसलो, खुर्ची आहे की नाही हे न बघता. ती नव्हती.

तोडगा सुमननेच काढला. बांधलेल्या प्रती फोडायला वेळ नव्हता, पण शेवटी शुद्धिपत्र चिकटवता आलं असतं. दोन रकाने करायचे, 'अशुद्ध' आणि 'शुद्ध', आणि त्यात पान, ओळ, शब्द देत जायचं. शनिवारी सकाळी आम्ही बैठक मारली. मी प्रबंध वाचून शब्द सांगणार, नाना टाइप करणार.

"पान तीन, ओळ सहा," मी म्हणालो. "अशुद्ध, 'आहे'. शुद्ध, 'शे'."

नानांची बोटं टाइपरायटरवर अधांतरी थांबली.

"'शे' हे 'शुद्ध'च्या रकान्यात?"

"हो."

"आणि 'आहे' अशुद्ध?"

"हो, नाना."

"सुमन, पाणी आण."

नाना पाणी प्यायले. डोळे मिटले. एका बोटाने 'शे' टाइप केलं आणि ते बोट धोतराला पुसलं.

अशी तीस-चाळीस पानं गेली, आणि मग खरा घोटाळा झाला. पान एक्केचाळीसवर लिहिलं होतं, 'येथे "मुलगी"साठी "मुलगी" हा शब्द आहे.' मी तोंड उघडलं आणि शब्दच आठवेना. पुढच्या वाक्यातलाही आठवेना. पाच वर्षं मी शब्द गोळा केले होते, कागदावर उतरवले होते आणि कागदावरच ठेवले होते. जळगावात वाढलो असलो, तरी आमच्या घरी बोली बोलायची बंदी होती. मला 'शे' आणि 'बठ्ठा' येत होतं, आणि त्यापुढे माझा अभ्यास संपत होता.

"बोला," नाना म्हणाले.

मी खोकलो. "मुलगीसाठी... म्हणजे तो जो एक शब्द..."

"आंडेर," स्वयंपाकघरातून आवाज आला.

आम्ही तिघेही वळलो. अक्का कणकेचे हात घेऊन दारात आल्या होत्या. माझ्याशी आणि नानांशी त्या नेहमी शुद्ध, मोजकं आणि हळू बोलायच्या. मी समजत होतो, त्यांचा स्वभावच अबोल आहे.

"मुलगी म्हणजे आंडेर, मुलगा म्हणजे आंडोर," त्या म्हणाल्या. मग नानांकडे बघून, जरा घाबरतच, "मी सांगस, तुम्ही लिखा."

आणि अक्का बसल्या. मी वाक्य वाचायचो आणि ते पुरं व्हायच्या आत उत्तर यायचं. कशाला? कसाले. तिथे? तठे. मला ज्या शब्दासाठी मिरच्यांच्या बाजारात अर्धा दिवस शिंकावं लागलं होतं, तो ही बाई पोळी लाटता लाटता सांगत होती. बोलता बोलता सांगून गेल्या, की लग्न झाल्यावर पहिल्याच पंगतीत त्यांच्या तोंडून 'शे' गेलं आणि नानांनी चारचौघांत दुरुस्त केलं. त्यानंतर या घरात त्या बेताने बोलत आल्या होत्या. मला त्या क्षणी फार लाज वाटली. मी सहा वर्षं या बाईच्या हातचं भरीत खात होतो, आणि एकदाही टेपरेकॉर्डर बाहेर काढला नव्हता.

नाना टाइप करत राहिले, पण आता दोन्ही हातांनी. दुपारी 'इथे' हा शब्द आला.

"आठे," अक्का म्हणाल्या.

नानांनी हात उचलले. "आडे!"

"आठे."

"नही, नही!" नाना टेबलावर थाप मारून ओरडले. "मनी माय असं म्हने नही! आडे!"

मनी माय, म्हणजे माझी आई; नानांच्या घरीही हीच बोली होती तर! टाइपरायटरची घंटासुद्धा तेवढ्यात वाजली. नानांचा चेहरा लाल झाला, त्यांनी चष्मा काढला आणि उगाचच धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. अक्का पदराआड हसल्या, आणि मग म्हणाल्या, "लिखा. दोन्ही लिखा."

दोन्ही लिहिले. शुद्धिपत्र अकरा पानांचं झालं. पाचही प्रतींना डिंकाने चिकटवून, रविवारची एसटी पकडून, सोमवारी मी प्रबंध वेळेत नेऊन दिला. खिडकीवरच्या कारकुनाने शेवटची पानं चाळली आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "सर, इतक्या चुका?"

मौखिक परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक मोठे जाणकार होते. त्यांनी प्रबंध बाजूला सारला आणि शेवटची पानं उघडली.

"चारशे पानं ठीक आहेत," ते म्हणाले. "पण हे शुद्धिपत्र अस्सल आहे. 'आठे' आणि 'आडे' असे दोन्ही भेद नोंदवलेत! ही निवेदक व्यक्ती कोण?"

"माझ्या सासूबाई."

त्यांनी ऋणनिर्देशाचं पान उलटलं. तिथे मार्गदर्शक होते, प्राचार्य होते, ग्रंथपाल होते, नाना होते. टेपरेकॉर्डर उसना देणारा शेजारीसुद्धा होता.

"त्यांचं नाव दिसत नाही," परीक्षक म्हणाले.

पदवी मिळाली. पेढे घेऊन मी थेट धुळ्याला गेलो, नानांना ओलांडून आधी स्वयंपाकघरात गेलो आणि अक्कांच्या पाया पडलो. मनातलं सगळं त्यांच्याच भाषेत सांगायचं, असं बसमध्ये ठरवलं होतं. पारोळ्यापासून वाक्य जुळवत आलो होतो. अहिराणीचा डॉक्टर झाल्यावर तोंडातून निघालेलं हे माझं पहिलं अहिराणी वाक्य.

"अक्का, ही बठ्ठी तुमनी आशीर्वाद शे!"

अक्कांनी पेढा घेतला, डोळे टिपले, डोक्यावरून हात फिरवला आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने माझ्या कानाशी म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही आपलं मराठीच बोला. आमनी भाषा तुम्ही भलती अशुद्ध बोलतस."