धारेखालच्या शिंपल्या

मासे पाळणं माझं काम नव्हतं, बायकोचं होतं. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. झऱ्याचं पाणी पाइपानं घरामागे येतं आणि सिमेंटच्या हौदात पडतं. त्या हौदात तिनं रोहूची पिल्लं सोडली, ती हातभर वाढली. पण त्यातला एकही कधी शिजवू दिला नाही. महाडच्या बाजारातून शिंपल्यांतल्या तिसऱ्या आणून खाईल, पण हौदातल्याला हात लावू देणार नाही. मी म्हणायचो, कोंबड्या पाळल्या असत्यास तर अंडी तरी मिळाली असती. ती भात घेऊन काठावर बसली की मासे तिच्या बोटांना तोंड लावायचे.

वैशाखात ती गेली. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. मागे राहिले ते हे मासे.

श्रावणात एका सोमवारी सकाळी भात घेऊन गेलो, तर दोन मासे उताणे तरंगत होते. बाकीचे तोंडं वर काढून धापा टाकत होते. एक भिंतीला अंग घासत होता. पावसाची झड कित्येक दिवस थांबली नव्हती. मला वाटलं, पाणी शिळं झालं. पाइपाची चावी पूर्ण सोडली. ताजं पाणी धो धो पडायला लागलं आणि थोड्याच वेळात तिसरा उताणा झाला.

माझी थोरली बहीण, आक्का, बायकोच्या दिवसांना आली होती ती अजून माझ्याकडेच होती. मला एकटं सोडायला तयार नव्हती. तिचा सोमवारचा उपास. दारातूनच म्हणाली, मेल्यांना मरायला सोमवारच बरा सापडला.

शेजारी भावाचं घर. तिथून पुतण्याला उठवून आणला. तो महाडला केमिकलच्या कारखान्यात पाणी तपासायचं काम करतो, रात्रपाळी करून नुकताच एसटीनं आला होता. त्याच्याकडे रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या होत्या. एक हौदात बुडवून त्यानं डबीवरच्या रंगांशी लावून बघितली. हिरवी व्हायला हवी होती, ती पिवळी पडली, कडेला केशरी.

"आंबट झालंय पाणी," तो म्हणाला. "पाऊस पडतोय, वर झऱ्यात फणसाचा पाला कुजलाय. आणि आपलं पाणी हलकं, काका. आंबटपणा मारील असं त्यात कायच नाय. आधी ती चावी बंद करा."

हलकं म्हणजे काय ते मला कळतं. आमच्या पाण्यात डाळ लगेच शिजते आणि साबण अंगावरून जाता जात नाही. महाडला बोअरच्या पाण्यानं भांड्याला पांढरा थर धरतो, ते जड. पण मी त्याला विचारलं, इतके पावसाळे हेच पाणी, हाच फणस, तेव्हा एक मासा का मेला नाही? त्यानं दुसरी पट्टी बुडवून बघितली. म्हणाला, चुना लागेल.

गणपतीच्या आधी भिंतींना लावायला आणलेला चुना पडवीत होता. आक्कानं लोटा भरून उचलला आणि हौदाकडे निघाली. पुतण्या म्हणाला, आत्या, एकदम टाकलास तर पाणी उलट्या टोकाला जाईल, मासे भाजतील. ती थांबेना. मी तिचं मनगट धरलं. जोरात धरलं. चुना तिच्या लुगड्यावर सांडला.

"मग नुसतं बघत बसू? तिचं एवढंच राह्यलंय ना रे?"

पुतण्या हळू आवाजात म्हणाला, सावकाश विरघळेल असं काहीतरी पाहिजे. शिंपल्या असल्या तरी चालतील, त्याही चुन्याच्याच.

मी पाइपाच्या धारेखाली बघितलं. नुसता दगड. तिसऱ्या खाल्ल्या की बायको शिंपल्या धुऊन एका टोपलीत टाकायची आणि टोपली त्या दगडावर ठेवायची. पाणी शिंपल्यांतून गळून हौदात पडायचं. हे तिला कुणी शिकवलं, मी कधी विचारलं नाही. टोपली कुठं गेली, ते मात्र आक्काला विचारलं.

"दहाव्याच्या आधी घर साफ नाय केलं? सुतकाच्या घरात माशाचं उष्टं कोण ठेवतं? मीच टाकली."

"कुठं?"

"उकिरड्यात. परसातल्या फणसाखाली."

उपासाच्या दिवशी ती शिंपल्यांना शिवणार नाही, हे मी धरूनच चाललो होतो. कुदळ शोधायला वळलो. परत येतो तो आक्का भर पावसात उकिरड्यात बसून दोन्ही हातांनी उकरत होती. एकेक शिंपली पदरात टाकत होती. पुतण्यानं त्या दगडावर कुटल्या, गोणपाटात बांधल्या. गोणपाट धारेखाली ठेवून मी चावी बोटभर सोडली.

मग बसून राहिलो. सगळ्यात मोठा, फाटक्या शेपटीचा, तिचा आवडता, तळाशी आडवा पडला होता. कल्ले तेवढे हलत होते. पुतण्या मधून मधून पट्टी बुडवायचा आणि मान हलवायचा. दुपारी आणखी एक गेला. संध्याकाळी पट्टीचं केशरी तेवढं गेलं, पिवळं तसंच.

आक्का दुसऱ्यांदा आंघोळ करून आली. "तुझ्या बायकोनं मला सोमवारच्या उपासाला शिंपल्या उपसायला लावल्या," म्हणाली, आणि माझ्या शेजारी बसली.

सकाळी पट्टीत हिरवट झाक होती. मोठा सरळ झाला होता. मी बोटांत भात घेऊन पाण्यात धरला. तो जवळ आला, थांबला, मागे गेला. मी भात सोडून हात काढून घेतला, तेव्हा त्यानं तो खाल्ला.