तारेशिवाय आलेलं वजन

गुढियारीत तांदळाच्या एका गोदामात मी कॉम्प्युटरवर वजनाच्या पावत्या काढते. ऑफिस आवाराच्या एका टोकाला, इलेक्ट्रॉनिक काटा दुसऱ्या टोकाच्या टिनाच्या शेडखाली, आणि मधे दिवसभर ट्रक मागेपुढे होत असतात. काटा सांभाळणारे काका साठीला आलेले, इथलेच छत्तीसगढी, उजवा गुडघा पार कामातून गेलेला. प्रत्येक वजन चिठ्ठीवर लिहायचं आणि ती चिठ्ठी मला आणून द्यायची, असं त्यांचं काम. आवारातून दोनदा तार टाकून झाली होती. दोन्ही वेळा ट्रकखाली तुटली. मग फोनवरून फोटो पाठवून पाहिले, पण धुळीच्या हातांना स्क्रीन दाद देईना आणि शेडखाली नेटवर्क येईना.

एका दुपारी ट्रक चुकवायला काका वळले आणि गुडघा दुमडून खालीच बसले. मी धावत गेले, तर हातातली चिठ्ठी माझ्यापुढे करून म्हणाले, "कुछ नहीं दीदी, पहले लिख लो."

त्या चिठ्ठीवरचा आकडा मी टाइप केला. आता हा आकडा हवेतूनच आणायचा, असं मी तिथेच ठरवलं.

इलेक्ट्रॉनिक्स मी कॉलेजात शिकले होते, पण नोकरीत त्याचा कधी उपयोग झाला नव्हता. खेळण्यातल्या रिमोटच्या गाडीत असतो तसला एक स्वस्त ट्रान्समीटर, त्याचा जोडीदार रिसीव्हर आणि दोन छोटे बोर्ड मी आणले; ट्रान्समीटर काट्याला जोडायचा, रिसीव्हर ऑफिसातल्या कॉम्प्युटरला. रविवारी तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग सुरू केलं. बाबा रेल्वेत टेलिफोनच्या लाइनी दुरुस्त करून रिटायर झालेले. ते चष्मा लावून येऊन बसले.

"काय करून राहिली तू?"

"काट्यावरचं वजन बिना तारेचं ऑफिसात आणून राहिली, बाबा."

"हे एवढंसं पोचते का आवाराच्या त्या टोकाले?"

घरात तरी पोचलं. स्वयंपाकघरातून पाठवलेला आकडा फाटकापाशी बिनचूक दिसला. मी खुशीत दुसऱ्या दिवशी सगळं गोदामात नेलं आणि तिथे पुरती फजिती झाली. दहा पावलांवर आकडे येणं बंद. उलट काटा रिकामा असताना स्क्रीनवर मनाला येतील ते आकडे उमटायला लागले. मॅनेजर मागे उभे होते. "मॅडम, ये तो भूत तौल रहा है," म्हणाले, आणि सगळं ऑफिस हसलं. मीही हसले, आणि सगळं सामान पिशवीत भरून परत घरी आणलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तू आकडा एकदाच पाठवते?"

"हो."

"काहून? लाइन खराब असली का आम्ही नंबर तीनदा सांगत होतो. अन् ऐकणाऱ्यानं ताळा घेऊन पाहाचा." मग ट्रान्समीटर उलटासुलटा करून म्हणाले, "अन् याले एरियल कुठी हाय?"

एरियल मी लावलंच नव्हतं. दोन्ही बाजूंना सतरा सेंटिमीटरची सरळ तांब्याची तार जोडली. प्रत्येक वजन तीनदा जाईल आणि त्याच्या शेवटी अंकांची बेरीज जाईल, असा प्रोग्राम केला. बेरीज जुळली तर आकडा दाखवायचा, नाहीतर सोडून द्यायचा. ऑफिसात रिसीव्हर या वेळी लोखंडी कपाटावर न ठेवता खिडकीत ठेवला.

गुरुवारी सकाळी काकांनी पहिली पोती काट्यावर चढवून घेतली. मी खिडकीत बसले होते. स्क्रीनवर ४०२.६ उमटलं. मी खिडकीतून ओरडले, "काका, चार सौ दो, छह सौ ग्राम?"

त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हव," ते मान हलवून म्हणाले.

दुसरी खेप जुळली, तिसरीही जुळली. मॅनेजरांनी मुद्दाम एक भरलेला ट्रक मधे उभा करायला लावला. त्याच्या आडूनही आकडा आला. त्या दिवशी काकांनी सवयीप्रमाणे सगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या, आणि संध्याकाळी आम्ही दोघांनी त्या एकेक करून स्क्रीनशी ताडून पाहिल्या. एकही चूक निघाली नाही. मॅनेजरांनी शेवटची चिठ्ठी स्वतः वाचली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "दूसरे शेड में भी लगा दीजिए, मॅडम."

मी मान डोलावली.

शुक्रवारी काकांनी शेडमध्ये खुर्ची टाकली आणि सकाळभर एकदाही आवार ओलांडलं नाही. जेवणाच्या सुट्टीआधी अचानक स्क्रीनवर ५८.४ आलं. एवढी हलकी खेप आमच्याकडे नसते. पुन्हा गडबड झाली की काय, म्हणून मी घाबरून खिडकीबाहेर वाकले.

काका स्वतः काट्यावर चढून ताठ उभे होते, भोवती हमाल हसत होते.

"वजन आ गिस का, दीदी?" त्यांनी तिथूनच विचारलं.