मावशींचं ‘चांगलं हाय’

मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर टॉवेल कशासाठी टाकतात, हे मला अजून कळलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी, सगळ्यांत जुना शिक्षक म्हणून शाळेचा पदभार माझ्याकडे आला आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी खुर्चीवर पांढरा टॉवेल टाकून ठेवला. मी तो काढला नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं.

त्याआधी नऊ वर्षं मी याच शाळेत साधा गुरुजी होतो. उमापूरकडची ही लहानशी शाळा. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला जातात आणि आजी-आजोबांपाशी राहिलेली पोरं वर्गात उरतात. त्यांना पुस्तकातलं पुरत नसे, म्हणून मी काहीबाही रचत बसायचो आणि रचलेलं आधी ऐकवायचो ते खिचडी शिजवणाऱ्या मावशींना. मावशी मेंढपाळाच्या घरातल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या आणि बोलायला फटकळ. स्वयंपाकाच्या शेडात त्या तांदूळ निवडायच्या, मी पालथ्या बादलीवर बसून धडा सांगायचो. नाही पटला तर तोंडावर म्हणायच्या, “गुरुजी, काय बी कळलं न्हाई.” मला राग यायचा. मग घरी जाऊन मी तो धडा पुन्हा लिहायचो.

अपूर्णांक शिकवायला मी भाकरी निवडली होती. अर्धी भाकर, पाव भाकर. मावशी हसायलाच लागल्या. “भाकर कुणी मोजून मोडतं का? मोठा तुकडा ज्याच्या हाताला लागंल त्याचा!” मग त्यांनीच भांडी पुसायला आणलेलं जुनं लुगडं ओढलं, मधोमध घडी घातली, पुन्हा एक घातली. “ह्ये बगा. ह्ये अर्धं. ह्ये पाव. यात काय अवघड हाय?”

त्या लुगड्यावर अख्खा वर्ग अपूर्णांक शिकला. तालुक्याच्या स्पर्धेत त्या उपक्रमाला पहिलं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर नाव माझं एकट्याचं. मावशींनी आनंदानं पेढा खाल्ला, त्यांना काही वाटलं नाही. मलाही काही वाटलं नाही, हे जास्त वाईट.

पदभार आला आणि महिनाभरात तालुक्याहून साहेब तोच धडा पाहायला आले. इस्त्रीचा शर्ट घालून मी लुगडं हातात घेतलं. दोन घड्या झाल्या, चार भाग झाले. तिसरी घडी घातली आणि साहेबांकडे बघत म्हणालो, “झाले सहा.”

खिडकीतून आवाज आला, “आठ, गुरुजी! आठ!”

मावशी हसत उभ्या होत्या. पोरं हसली, साहेबही हसले. माझी मात्र कानशिलं तापली. सगळ्यांसमोर मी म्हणालो, “मावशी, तुम्ही तुमच्या खिचडीकडं बघा.”

दुसऱ्या दिवसापासून त्या मला सर म्हणायला लागल्या.

शेडात मी अजूनही जातो. मी दिसलो की त्या उठून उभ्या राहतात, पदर सावरतात, धडा ऐकतात आणि म्हणतात, “चांगलं हाय, सर.” दर वर्षी त्यांच्या करारावर माझी सही लागते, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. शाळेतले दोन्ही शिक्षक तर माझ्या प्रत्येक वाक्याची री ओढतात. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही टाकलं की पटापट अंगठे येतात. हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे पुष्कळ झाले, खाली ओढणारं कुणी उरलं नाही. आणि हल्ली मी लिहिलेलं वाचताना मलाच जांभई येते. पूर्वी वाटायचं, सुचतं ते माझ्या डोक्यात. आता कार्यालयात एकटा डबा खाताना कळतं की ते आमच्या भांडणातून सुचत होतं. फार एकटं वाटतं, आणि हे सांगायलाही शाळेत कुणी नाही.

एकदा मी माफी मागून पाहिली. “त्या दिवशी माझं चुकलं, मावशी.” त्या घाबरल्याच. “न्हाई ओ सर, माझीच जीभ लई लांब.”

मागच्या आठवड्यात मी हट्टालाच पेटलो. मेंढरांवर एक धडा लिहिला आणि त्यात मुद्दाम चूक घातली. मेंढीला समोर, वरच्या जबड्यात दातच नसतात. मेंढपाळाच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. मावशींसमोर मी मोठ्यानं वाचलं, “मेंढी आपल्या वरच्या पुढच्या दातांनी पाला तोडते.” आणि थांबलो. मनात म्हणत होतो, हसा आता. मला वेड्यात काढा.

डाळ निवडणारा त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी अगदी ओठांवर आलं होतं, मला दिसलं.

“बराबर हाय, सर,” त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी मला तो चुकीचा धडा घेऊन वर्गात जाऊ दिलं.