दाजींचे तळवे

माझे दाजी मासा डोळ्यांनी शोधत नसत, तळव्यांनी शोधत. धंद्याने ते फरशी बसवणारे मिस्त्री. फरशी बसली की ते चपला काढून त्यावरून चालत आणि कुठला कोपरा केसभर खाली गेलाय ते सांगत. तेच तळवे घेऊन ते पांझरा नदीत उतरत.

त्यांचं घर देवपूरला. पोळा झाला, नदीचं पाणी उतरू लागलं, की मी जळगावहून खास हा प्रयोग पाहायला जाई. दाजी काठावर चपला काढत, पँट मांडीपर्यंत दुमडत, डोळे मिटत आणि पाण्यात शिरत. गाळ तुडवत, अंगठ्याने दगडाची कपार चाचपत थोडं पुढे गेले की एकदम थांबत. मग वाकून दोन्ही हात आत, आणि वर येताना हातात तडफडणारी मरळ! प्रेक्षक मी एकटाच, पण त्यांचा रुबाब असा की सगळी तिकिटं खपली असावीत.

"दाजी, रबरी बूट तरी घाला."

"बूट घालीसन मासा दिसी का? तळपायले डोया ऱ्हातस, शालकबुवा!"

तळपायाला डोळे असतात. असतील. पण सिमेंटने त्या तळपायांना भेगाही तेवढ्याच पाडल्या होत्या, आणि जरा वरच्या अंगाला एक नाला नदीत पडत होता. साबणाचा फेस, पिशव्या, वस्तीचं सगळं सांडपाणी. काठच्या कचऱ्यात घुशी भरदिवसा हिंडत. मी नाक दाबलं की दाजी हसत. "वाहतं पानी बाटस नही रे भो." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. ते म्हणणाऱ्या कुठल्याच पिढीने वरचा नाला पाहिला नसावा, किंवा पाहून तोंड फिरवलं असावं.

अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, त्यांना नदी बंद केली होती. दोन वर्षांपूर्वी पायाला खाज सुटून फोड आले होते, तेव्हा दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. त्यामुळे तेव्हापासून मासा वर्तमानपत्रात गुंडाळून घरी जाई आणि दाजी दारातूनच ओरडत, "बाजारात आज काय गर्दी!" अक्का मसाला वाटायला घेई. मला वाटे, काय नट आहे हा माणूस.

गेल्या वर्षी मी जळगावला परतल्यावर आठवडाभराने अक्काचा फोन आला. दाजींना सणकून ताप, अंग ठेचल्यासारखं. दोन-तीन दिवसांत डोळे आधी लाल, मग पिवळे झाले. मी पोचलो तेव्हा सगळी गल्ली निदान करून बसली होती: कावीळ. आणि कावीळ म्हटलं की आमच्याकडे डॉक्टर नंतर, माळ आधी. सोनगीरच्या पुढे एका खेड्यात एक आबा ती देतात. मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठवलेली माळ टाळूवर ठेवायची. ती लांबत लांबत गळ्यात, मग छातीवर उतरते, तसतशी कावीळ उतरते.

आम्ही रिक्षा केली. आबांनी दाजींच्या डोक्यावर माळ ठेवली. मला राहवेना. मी डोकं पुढे केलं. "आबा, मलाही एक."

"तुले काय व्हयनं?"

"काही नाही. शोभेल म्हणून."

अक्काने कपाळावर हात मारला, पण आबांनी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींची माळ खांद्यापर्यंत आली होती, आणि माझी, तीन पोळ्या रिचवणाऱ्या ठणठणीत माणसाची, छातीपर्यंत. मी आरशासमोर वळून वळून ती दाखवत होतो. अक्का हसली नाही. तिने एकदा माझ्या माळेकडे पाहिलं, एकदा दाजींच्या पिवळ्या डोळ्यांकडे.

"काल दुपारपासून यांना लघवी नाही," ती म्हणाली. "उठ. रिक्षा बोलाव."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी दाजींची पोटरी जरा दाबली तर दाजी पलंगावरून उडाले.

"काका, गेल्या पंधरा-वीस दिवसांत घाण पाण्यात उतरला होतात?"

दाजींनी अक्काकडे पाहिलं. "छे छे. मी कशाला उतरतोय?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात अक्काच पुढे झाली. "उतरले होते. नदीत. दर रविवारी."

"तुला कोणी सांगितलं?" दाजींचा आवाज पार गेला होता.

"कोणी कशाला सांगी? बजारना मासा कढईम्हा उड्या मारस का?"

डॉक्टरीणबाईंनी ओठ दाबून हसू आवरलं, पण पुढचं बोलताना हसल्या नाहीत. उंदीर-घुशींच्या मुतातून हा आजार पाण्यात येतो, पायाच्या भेगेतून अंगात शिरतो, आणि लिव्हर, किडनी दोन्ही धरतो. त्याचं नाव लेप्टो. नदीचं कळलं म्हणून लगेच त्या वाटेने इंजेक्शनं सुरू करता आली. माळ पायापर्यंत उतरायची वाट पाहिली असती, तर मशीनवर रक्त धुवायची वेळ आली असती, कदाचित तेवढाही वेळ मिळाला नसता.

तिसऱ्या दिवशी लघवी सुटली, आणि अक्का व्हरांड्यात भिंतीला टेकून रडली. तोपर्यंत रडली नव्हती.

मला राहून राहून वाटतं, तिने वर्षभर गप्प का राहावं? एकदा विचारलं. म्हणाली, "दिवसभर गुडघ्यावर बसून दुसऱ्यांच्या घरच्या फरश्या बसवतात. रविवारी ताठ उभे असत, तेवढंच." त्यांच्या ताठ उभं राहण्याला आता दुसरी जागाच उरली नव्हती, आणि होती ती नदी अशी नासलेली.

यंदा पोळ्यानंतर मी गेलो तेव्हा दाजी पुलावर कठड्याला टेकून उभे होते. पायात बूट, मोजे. बराच वेळ खाली पाहत होते. मग म्हणाले, "चल, बाजारात." बर्फातली मरळ आम्ही दोघांनी खरोखर विकत घेतली. अक्काने तुकडे कढईत सोडले. दाजी वाकून बघत राहिले.

"हाऊ तं झोपेल शे," ते म्हणाले.

"झोपलाय ना, झोपू द्या," अक्का म्हणाली, आणि झाकण ठेवलं.